जाम झालेले जुने इंजिन सोडवताना

विहिरीवर विजेची मोटार आली आणि डिझेल इंजिन गोठ्याच्या कडेला गेले, असे चित्र अनेक वस्त्यांवर दिसते. दहा-पंधरा पावसाळे खाल्लेले हे इंजिन बहुधा 'जाम' असते. हँडल लावले तर हलत नाही. मग एक दिवस वीज दगा देते, किंवा कडबा कुट्टीला, गिरणीला, चरकाला स्वतंत्र शक्ती हवी असते आणि आपली नजर त्या इंजिनाकडे वळते.

आपल्याकडील जुनी मंदगती इंजिने बरीचशी इंग्लंडमधील लिस्टर पद्धतीची आहेत. उभा एकच सिलिंडर, दोन्ही बाजूंना मोठी फ्लायव्हील, मिनिटाला ६०० ते ८५० फेरे आणि ५ ते ८ अश्वशक्ती अशी त्यांची ओळख. राजकोट भागात अशी इंजिने मोठ्या प्रमाणावर तयार झाली. रचना साधी, भाग जाड आणि सुटे भाग अजूनही मिळण्याजोगे. त्यामुळे दुरुस्त झाले तर हे इंजिन आणखी कित्येक वर्षे काम देते.

परंतु अनुभव असा, की पुष्कळशी इंजिने गंजामुळे निकामी होत नाहीत. ती खोलण्याच्या घाईत निकामी होतात. गंजलेला पिस्टन सुटू शकतो, पण घणाने तडकलेला सिलिंडर पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. म्हणून अडकलेले भाग न मोडता कसे सोडवावेत, एवढ्याच विषयाची माहिती या लेखात दिली आहे.

भाग का अडकतात?

उपाय करण्यापूर्वी कारण ओळखावे. इंजिनातील भाग मुख्यतः तीन कारणांनी अडकतात.

१. गंज : लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. नट आणि स्टडच्या आट्यांमध्ये किंवा पिस्टन रिंग आणि सिलिंडरच्या भिंतीमध्ये असलेली बारीक फट तो फुगून भरून काढतो. म्हणजे तेथे जणू पाचरच बसते.

२. काजळी आणि वाळलेले वंगण : रिंगच्या खाचा व व्हॉल्व्हच्या दांड्या याने चिकटतात.

३. वाळलेले डिझेल : इंधन पंप व नोझल यांत जुने डिझेल सुकून चिकट, लाखेसारखा थर होतो.

गंजाला पातळ तेल, वेळ आणि हलके ठोके लागतात. काजळीला भिजवणे व खरवडणे लागते. वाळलेल्या डिझेलला स्वच्छ डिझेलमध्ये भिजवणे लागते. जोर हा यांपैकी कशाचाच पहिला उपाय नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंजिनाचा सिलिंडर, हेड व फ्लायव्हील बिडाचे असतात. पोलाद वाकते, बीड वाकत नाही, ते एकदम तुटते. तुटण्यापूर्वी सूचनाही देत नाही.

प्रथम पाहणी

इंजिनाला पाना लावण्यापूर्वी अर्धा दिवस पाहणीत घालवावा.

टाकीतील जुने डिझेल व क्रँककेसमधील तेल काढून घ्यावे. तेलाबरोबर पाणी आले तर आत गंज आहे असे समजावे. सिलिंडर व हेडवरील माती तारेच्या ब्रशने काढून तडे पाहावेत. रॉकेलने पुसून वर खडूची पूड चोळली, तर तड्यात शिरलेले रॉकेल थोड्या वेळाने रेघ होऊन दिसते. धुराड्याचा पाइप आकाशाकडे उघडा होता का, हेही पाहावे. तसे असेल आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल, तर पावसाचे पाणी थेट सिलिंडरमध्ये गेलेले असते.

सिलिंडर किंवा क्रँककेसला मोठा तडा असेल, तर मेहनत करण्यापूर्वी जाणकार मेकॅनिकचा सल्ला घ्यावा. असे इंजिन सुट्या भागांसाठी ठेवणेच परवडते.

हँडलने एकदा हलक्या हाताने फिरवून पाहावे. फिरले नाही तर तेथेच थांबावे. हँडलला लांब पाइप घालणे, फ्लायव्हीलवर पट्टा टाकून ट्रॅक्टरने ओढणे हे प्रकार मुळीच करू नयेत. पिस्टन वरच्या किंवा खालच्या टोकाजवळ असताना फ्लायव्हीलवरचा थोडासा जोरही कनेक्टिंग रॉडवर अनेक पटींनी पडतो. पिस्टन तसाच राहतो आणि रॉड वाकतो. व्हॉल्व्ह अडकला असेल तर पुशरॉड वाकतो.

साहित्य

योग्य मापाचे रिंग पाने, तारेचा ब्रश, अर्धा किलोचा हातोडा, तांब्याचा किंवा पितळेचा तुकडा, बाभळीच्या लाकडाचे ठोकळे, छिन्नी, मेणबत्ती आणि डोळ्यांना गॉगल एवढे साहित्य जमवावे.

पान्यांच्या मापाकडे विशेष लक्ष द्यावे. जुन्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनांवर बरेच नट-बोल्ट इंची, म्हणजे सुताच्या मापाचे असतात. त्यांवर मिलिमीटरचा 'जवळपास बसणारा' पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि सोपे काम अवघड होते. स्क्रू पाना व पाइप पाना अडकलेल्या नटासाठी वापरू नये.

गंज सोडवणारे पातळ तेल बाजारात फवारणीच्या डब्यात मिळते. ते नसेल तर डिझेल व हलके इंजिन तेल सम प्रमाणात मिसळून वापरावे. काम थोडे सावकाश होते, पण होते. घट्ट ग्रीस किंवा जाड तेल येथे उपयोगाचे नाही, कारण ते बारीक फटीत शिरत नाही.

नट व स्टड सोडवणे

१. नटाबाहेर दिसणाऱ्या आट्या तारेच्या ब्रशने स्वच्छ कराव्यात. गंजलेल्या आट्यांवरून नट ओढला की तो अर्ध्यावर पुन्हा अडकतो.

२. नटाच्या बुडाशी तेल सोडावे. सकाळ-संध्याकाळ असे निदान दोन-तीन दिवस करावे.

३. प्रत्येक वेळी तेल सोडल्यावर नटाच्या एका सपाट बाजूला जड लोखंड टेकवून समोरच्या बाजूवर हातोड्याने हलके ठोके द्यावेत. या कंपनाने गंजाचा थर भेगाळतो आणि तेल आत मुरते. जोराच्या एका घावापेक्षा हलके पन्नास ठोके चांगले.

४. रिंग पाना लावून नट प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने दाबावा आणि मग सोडवावा. जरासा हलला की लगेच पूर्ण सोडवू नये. पाव फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा तेल, असे करत न्यावे. स्टड पिळवटल्यासारखा मऊ लागू लागला तर तो तुटण्याच्या बेतात आहे असे समजून थांबावे.

५. इतके करूनही नट हलला नाही तर उष्णता द्यावी. ब्लो लॅम्पची किंवा गॅसची ज्योत नटावर धरावी, स्टडवर नव्हे. १२ मिलिमीटरच्या नटाचे तापमान स्टडपेक्षा २०० अंश सेल्सिअसने वाढले तर त्याचे भोक सुमारे ३ शतांश मिलिमीटरने मोठे होते. हे अगदी थोडे वाटेल, पण गंजाची पकड सुटायला ते पुरते. नट लाल करण्याची गरज नाही. ज्योत बाजूला केल्यावर नट गरम असतानाच बुडाशी मेणबत्ती टेकवावी. वितळलेले मेण आट्यांत ओढले जाते.

६. तेही जमले नाही तर नटाचा बळी द्यावा आणि स्टड वाचवावा. नट उभा कापून किंवा छिन्नीने फोडून काढावा. नवा नट थोड्या पैशांत मिळतो. सिलिंडरमध्ये तुटलेला स्टड काढण्याचे काम मात्र वर्कशॉपचे असते. तेथे तुटक्या टोकावर नट वेल्डिंग करून किंवा मधोमध भोक पाडून स्टड काढतात.

उष्णतेबाबत दक्षता : ज्योत लावण्यापूर्वी टाकी काढून दूर ठेवावी. सांडलेले डिझेल व तेलाचे बोळे हलवावेत. काम उघड्यावर करावे आणि जवळ वाळूची बादली ठेवावी. सिलिंडरमध्ये तेल किंवा डिझेल ओतले असेल तर त्याच्या आसपास ज्योत नेऊच नये. तापलेल्या बिडावर पाणी ओतू नये, ते तडकते.

हेड व व्हॉल्व्ह

सर्व नट निघाले तरी हेड लगेच सुटेल असे नाही. गॅस्केट चिकटलेले असते आणि स्टडभोवती गंज असतो. हेडच्या खाली छिन्नी घालून उचकटू नये. त्यामुळे बसण्याची सपाट जागा खराब होते व पुढे कायम गळती राहते. स्टडच्या भोवती तेल सोडून हेडच्या जाड भागावर लाकडी ठोकळा ठेवून चारही बाजूंनी आळीपाळीने ठोकावे.

जुन्या गॅस्केटमध्ये व धुराड्यावरील दोरीत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. असे भाग पाण्याने भिजवूनच काढावेत, कोरडे घासू नयेत. तुकडे पिशवीत बांधून वेगळे ठेवावेत.

व्हॉल्व्ह अडकला असेल तर स्प्रिंग काढून दांडीवर तेल सोडावे व एक दिवस थांबावे. नंतर लाकडाच्या तुकड्याने दांडीच्या टोकावर हलके ठोकावे. थोडा आत गेला की खालून लाकडाने परत वर आणावा. असे पुढे-मागे करत तेल देत राहावे. दांडीवरील काजळी दिसेल तसतशी पुसून घ्यावी.

पिस्टन

हे सर्वांत धीराचे काम आहे. हेड निघाल्यावर पिस्टनच्या वर जी भिंत दिसते ती प्रथम साफ करावी. गंज व काजळीची कडा बारीक पॉलिश पेपरने तेल लावून काढावी. हे राहून गेले तर सुटलेला पिस्टन वर येताना पुन्हा त्याच कड्यात अडकतो आणि रिंगा तुटतात.

पॉलिश पेपरची पूड पुसून घेऊन पिस्टनवर बोटभर उंचीचे पातळ तेल ओतावे आणि चार ते आठ दिवस तसेच ठेवावे. पातळी कमी झाली की पुन्हा भरावे. पातळी कमी होणे ही चांगली खूण आहे, कारण तेल रिंगांच्या बाजूने खाली झिरपत असते. अजिबात कमी झाली नाही तर आणखी थांबावे.

त्यानंतर क्रँककेसचे झाकण उघडून कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग सोडवावे, म्हणजे ठोक्याचा भार क्रँकवर येणार नाही. बेअरिंगचे दोन्ही भाग व पत्र्या कोणत्या बाजूच्या, कोणत्या क्रमाने होत्या, ते खुणा करून ठेवावे.

बाभळीच्या लाकडाचा गोल ठोकळा करावा. सिलिंडरचा व्यास साधारण साडेचार इंच असेल तर ठोकळा चार इंचांचा असावा, म्हणजे ठोका पिस्टनच्या मध्यावर न पडता पूर्ण माथ्यावर वाटला जातो. ठोकळा ठेवून हातोड्याने मध्यम ठोके द्यावेत. पिस्टन पाव इंच जरी खाली सरकला तरी पकड सुटली असे समजावे. मग खालून, रॉडच्या बाजूला लाकूड लावून, तो वरच्या दिशेने ठोकावा आणि वरून बाहेर काढावा. पिस्टन खाली फार नेऊ नये, तो क्रँकवर आदळतो.

एका दिवसात पिस्टन हलला नाही तर ठोकणे वाढवू नये. पुन्हा तेल भरून चार दिवस थांबावे. महिनाभर भिजत ठेवलेला पिस्टन सहज सुटल्याची उदाहरणे आहेत. घणाने फोडलेल्या पिस्टनची उदाहरणे मात्र त्याहून जास्त आहेत.

पिस्टन निघाल्यावर सिलिंडरची भिंत बोटाने चाचपावी. हलके डाग चालतील. नख अडकेल असे खड्डे असतील तर सिलिंडर वर्कशॉपमध्ये दाखवावा. रिंगा शक्यतो नव्याच घालाव्यात.

फ्लायव्हीलची चावी

फ्लायव्हील शाफ्टवर डोक्याच्या निमुळत्या चावीने घट्ट बसवलेले असते. अशा चावीचा उतार साधारणतः १०० मिलिमीटरला १ मिलिमीटर एवढाच असतो. त्यामुळे ती एकदा अगदी थोडी मागे सरकली की लगेच सैल होते. सगळी मेहनत त्या पहिल्या सरकण्यासाठीच असते.

चावीच्या दोन्ही टोकांशी दोन दिवस तेल सोडावे. चावीचे डोके आणि फ्लायव्हीलचा तुंबा यांच्यामधील फटीत दोन पोलादी पाचरी समोरासमोरून घालून आळीपाळीने ठोकाव्यात. एकाच बाजूने ठोकले तर डोके तुटते. चावी निघण्यापूर्वी फ्लायव्हीलखाली लाकडी ठोकळे भक्कम लावावेत. हे चाक एकट्याने पेलण्याचे धाडस करू नये.

फ्लायव्हीलच्या कडेवर किंवा आऱ्यांवर हातोडा कधीही मारू नये. दोन फूट व्यासाचे चाक मिनिटाला ६५० फेरे घेते तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे ७५ किलोमीटर असतो. ठोक्याने पडलेला केसाएवढा तडा त्या वेगात चाक फोडू शकतो. तडा असलेले फ्लायव्हील वेल्डिंग करून वापरू नये, ते भंगारातच द्यावे. चावी काढण्याची गरज नसेल, म्हणजे शाफ्टची बेअरिंगे चांगली असतील, तर फ्लायव्हील जागेवरच राहू द्यावे.

इंधन पंप व नोझल

पंपातील दांडा व त्याचे घर एकमेकांना मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या मापाने घासून बसवलेले असतात. तेथे हातोडा, पक्कड, पॉलिश पेपर यांना मज्जाव आहे. पंप काढून स्वच्छ डिझेलमध्ये दोन दिवस बुडवावा. पंपाची दातेरी पट्टी बोटाने सहज मागे-पुढे सरकली पाहिजे. सरकली नाही तर पंप दुरुस्तीच्या दुकानातच द्यावा.

या पट्टीचे महत्त्व फार आहे. ती पूर्ण इंधनाच्या जागी अडकलेली असताना इंजिन सुरू केले, तर गव्हर्नर निरुपयोगी ठरतो. इंजिन बेफाम पळू लागते व फुटू शकते.

नोझलची फवारणी तपासताना हात किंवा बोट पुढे धरू नये. त्या दाबाचे डिझेल कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखान्यात जावे, घरी थांबू नये.

लहान गंजलेले भाग

नट, कंस, झाकणे असे लहान लोखंडी भाग लिंबूफुलाच्या पाण्यात भिजवून साफ करता येतात. एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम लिंबूफूल विरघळवून भाग काही तास ते एक रात्र बुडवून ठेवावेत. नंतर ब्रशने घासून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन, लगेच वाळवून तेल लावावे. स्प्रिंगा, बेअरिंगे, ॲल्युमिनियमचे भाग व पंपाचे भाग या पाण्यात घालू नयेत.

पहिल्यांदा सुरू करताना

१. भिजवण्यासाठी ओतलेले तेल क्रँककेसमध्ये झिरपलेले असते. ते सर्व काढून, आतून पुसून नवे तेल भरावे.

२. नोझल काढून इंजिन हाताने दहा-वीस फेरे फिरवावे. पिस्टनवर उरलेले तेल भोकातून बाहेर उडते, म्हणून तोंड दूर ठेवावे. हे तेल आत राहिले तर इंजिन फिरताना अडते किंवा त्याच तेलावर बेफाम पळते.

३. 'बंद'च्या जागी पंपाची पट्टी पूर्ण मागे जाते याची खात्री करावी.

४. हवा आत जाण्याच्या तोंडावर बसेल अशी सपाट फळी हाताशी ठेवावी. इंजिन आवरेना तर फळीने हवा बंद करावी. हात किंवा फडके लावू नये.

५. इंजिन उघड्या जागी सुरू करावे. विहिरीत उतरवून किंवा बंद खोलीत चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि विहिरीत उतरलेल्या माणसाचा तो जीव घेतो.

६. पहिला अर्धा तास भार देऊ नये. थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासावेत.

पुन्हा जाम होऊ नये म्हणून

इंजिन दीर्घकाळ बंद ठेवायचे असेल तर टाकी रिकामी करावी. नोझल काढून सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे स्वच्छ इंजिन तेल घालावे, हाताने काही फेरे द्यावेत व नोझल परत बसवावे. शेवटी दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील अशा जागी, म्हणजे दाबाच्या फेऱ्यात पिस्टन वर असताना, इंजिन थांबवावे. त्यामुळे ओलसर हवा आत जात नाही. धुराड्याच्या तोंडावर डबा उपडा घालावा. त्यानंतर महिन्यातून एकदा हाताने फिरवून पुन्हा त्याच जागी थांबवावे. एवढी पाच मिनिटांची काळजी घेतली तर वर सांगितलेली पंधरा दिवसांची मेहनत वाचते.

थोडक्यात लक्षात ठेवा

• तेल, वेळ व हलके ठोके प्रथम, उष्णता नंतर. जोर सर्वांत शेवटी आणि तोही लाकडावरून.
• नट स्वस्त आहे, स्टड महाग आहे, सिलिंडर त्याहून महाग आहे. मोडायचेच असेल तर स्वस्त भाग मोडावा.
• तेल व ज्योत एका जागी आणू नयेत.
• फ्लायव्हीलचा तडा व पंपाची अडकलेली पट्टी या दोन गोष्टी तपासल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.
• आज हलले नाही तर तेल सोडून घरी जावे. पंधरा वर्षे थांबलेले इंजिन आणखी चार दिवस थांबू शकते.